मेरुएर्तच्या पायांतली दोरी

नारीनकोल,
२ सप्टेंबर

लाडक्या राउशनला आईचे खूप खूप आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. घोडीच्या दुधाचं कुमिस यंदा छान आंबलंय, प्यायला मात्र कुणी नाही. तुझे बाबा घोड्यावरून उतरताना पूर्वीसारखेच कुरकुरतात.

माझी नात मेरुएर्त चालायला लागली. आता रीतीप्रमाणे तिच्या पायांत दोरी बांधून कापायला हवी, आणि ती मीच कापावी म्हणून तू अडून बसलीयस. मी आधी गवतकापणीचं कारण दिलं, मग पाहुण्यांचं. काल फोनवर तू फटकन म्हणालीस, "नातू असता तर धावत आली असतीस!" अगं, काय बोललीस हे! जेवण गेलं नाही मला.

धावत, म्हणे.

मग ऐक. शहरात गुडघा दाखवून आले. डॉक्टर म्हणजे अगदी कोवळं पोर. फोटो उजेडाला धरून म्हणाला, "आजी, सांध्यातली गादी झिजलीच आहे, पण खालचं हाड बघा, किती पांढरं दिसतंय. ओझं पडेल तसं हाड स्वतःला घट्ट करत जातं. फार घट्ट झालं की धक्का पचवत नाही, मग वरची गादी आणखी झिजते."

जन्मभर घोड्यांचं दूध काढलं मी, एक गुडघा जमिनीला, दुसऱ्यावर बादली. मी विचारलं, "म्हणजे बिचारं मला सांभाळायलाच घट्ट झालं?"

"हो. त्यातच बिघडलं."

दोरी कापणाऱ्याची चाल लेकराला लागते. तुझ्या वेळी चांगल्या चालीची बाई शोधायला मी अख्खं गाव पालथं घातलं होतं. आता माझे पाय बघ, फेंगडे झालेत, चुलीपाशी जाताना भिंत धरते. डॉक्टरला हेही विचारलं, तर हसला. "चाल अशी दोरीतून जात नसते, आजी!" मलाही कळतं गं. पण गेलीच तर? त्या पोरीच्या पायांशी मी कात्री कशी नेऊ?

तुझ्या सासूला सांग. शोल्पान तोंडाची फटकळ आहे, पण चाल बघ तिची, तरण्या पोरींना मागे टाकेल. नाक मुरडू नकोस, तिला नावं ठेवायला तू माझ्याकडूनच शिकलीस.

मला कापायची होती, राउशन. फार होती गं.

रविवारी उरकून घे. पोर धावली की फोन कर, तिचं हसणं ऐकव. शोल्पानने कशी कापली, ते मात्र एवढ्यात सांगू नकोस.

तिथे नसलेली,
तुझी आई