पाचवा रकाना

३ फेब्रुवारी, सोमवार

पोहोचले बाई एकदाची! बस वेळेवर सुटली, वेळेवर पोहोचली, आणि शेजारचे गृहस्थ सबंध प्रवासात एकदाही घोरले नाहीत. शकुन चांगला दिसतोय. खोली लहान पण नेटकी आहे. खिडकीखाली टेबल, टेबलावर दिवा, आणि तो चक्क लागतोही. घरमालकीण बोलकी, दहा मिनिटांत तिच्या दोन्ही सुनांचे दोष मला तोंडपाठ झाले. तिची अट एकच, खोलीत दुसरं माणूस आणायचं नाही. मी म्हटलं, मला आहे कोण आणायला!

आता कामाचं. आई ब्याऐंशी वर्षांची आहे, दोन महिने अंथरुणाला खिळली आहे, आणि तिला सध्या एकच ध्यास लागलाय: तिची ताई. ही माझी थोरली मावशी. ती नऊ वर्षांची असताना साथ आली, तिला ताप भरला आणि आजोबांनी तिला या शहरातल्या साथीच्या दवाखान्यात आणून ठेवलं. आई तेव्हा सहा वर्षांची होती. निघताना तिनंच ताईला सांगितलं होतं, ‘रविवारी येतो हं न्यायला.’ त्या रविवारी कोणी आलं नाही, पुढच्याही नाही. नंतर घरात तो विषयच काढायचा नाही असं ठरून गेलं. मावशी वाचली की गेली, तिला कोणी नेलं की नाही, आईला कोणी कधी सांगितलं नाही. डोळे मिटायच्या आत तिला तेवढं कळायला हवंय.

डॉक्टरांच्या मते दोन आठवडे आहेत, असं दादा म्हणाला. मी म्हटलं, मला एक पुरे. सत्तावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत. चारशे पानांतून एक चुकलेली वेलांटी शोधते, तर एक अख्खी मुलगी नाही सापडणार? नवी वही आणि दोन लाल पेनं घेऊन आले आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

शहराच्या दप्तरात गेले. जन्म-मृत्यूची खिडकी अकराला उघडते असं पाटीवर लिहिलंय. ती पावणेबाराला उघडली. खिडकीतल्या बाईंनी दोन जाडजूड नोंदवह्या पाहिल्या (म्हणजे माझ्याकडून उचलवून घेतल्या आणि मी पाहिल्या). मावशीच्या मृत्यूची नोंद नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी बाईंचे आभारही मानले. त्या म्हणाल्या, दवाखान्याचे कागद राज्याच्या अभिलेखागारात आहेत, तिकडे जा. खोलीवर येऊन दादाला फोन केला. उद्या काम होईल, असं सांगितलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

काम कसलं होतंय! अभिलेखागाराचे रेकॉर्डकीपर म्हणतात, दवाखान्याची फाइल पाहायची तर आधी शहराच्या दप्तराचा ‘मृत्यूची नोंद आढळत नाही’ असा दाखला आणा. धावत खिडकीवर गेले. बाई म्हणाल्या, देऊ की, पण तो कशासाठी हवाय हे अभिलेखागारानं लेखी द्यावं. पुन्हा धावत इकडे. रेकॉर्डकीपर म्हणाले, आम्ही लेखी देतो, पण दाखला पाहून. मी त्यांना शांतपणे विचारलं की आधी कोंबडी की आधी अंडं, तर ते म्हणाले, तसा अर्ज करा.

इमारत मात्र छान आहे. वाचायची खोली लांबलचक आहे, खिडक्या उंच, आणि दोन्ही भिंतींवर चार-चार हातांच्या अंतरावर फिकट आकडे रंगवलेले, एकपासून तीसपर्यंत. टेबलं त्या आकड्यांखाली मांडली आहेत. मी पंख्यापासून लांब म्हणून सतरा धरलं. खांद्यावर फडकं टाकून फिरणारे शिपाईमामा म्हणाले, तिथं सहसा कोणी बसत नाही. मी म्हटलं, तर मग माझी जागा कोणी घेणार नाही, बरंच झालं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे मला कोणी शिकवायला नको. सकाळी दहापासून स्टूल घेऊन खिडकीसमोर बसले. बाईंचा चहा झाला, जेवण झालं, मैत्रिणीशी भांडण झालं, समेट झाला. साडेचारला माझ्याकडे पाहून त्यांना बहुधा माझी कीव आली आणि दाखला मिळाला. अभिलेखागारात पोहोचले तेव्हा मामा दाराला कडी लावत होते. पाच म्हणजे पाच. पायरीवर बसून रडले. राग आला की मला रडू येतं, लहानपणापासूनची खोड आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडली!

फाइल मामांनी आणली. त्यांची पद्धत अशी: फडताळातून फाइल काढली की त्या जागी तेवढ्याच उंचीची एक लाकडी पाटी उभी करायची आणि पाटीवर वाचणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी डकवायची. संध्याकाळी फाइल परत गेली की पाटी निघते आणि चिठ्ठी आपल्याला परत मिळते. ती घेतल्याशिवाय जायचं नाही, असं मामांनी दोनदा बजावलं. का, तर जागा रिकामी ठेवायची नाही. मी म्हटलं, पाटीऐवजी मीच उभी राहिले तर चालेल का? मामा हसले नाहीत.

फाइलीत मुलांच्या खोलीचे कागद आहेत, प्रत्येक मुलाचं एक पान. पाच रकाने: नाव, वय, कोणी आणलं, खाट, कोणी नेलं. पाचव्या रकान्यात ‘वडिलांनी’, ‘काकाने’, ‘आजीने’. काहींत ‘शववाहिकेने’. मग मावशीचं पान आलं. वय नऊ. कोणी आणलं: वडिलांनी. खाट: सतरा. कोणी नेलं: कोरं.

म्हणजे हीच ती दवाखान्याची खोली, आणि भिंतीवरचे आकडे खाटांचे. मी मावशीच्याच जागी बसले होते. भीती नाही वाटली, आनंदच झाला.

८ फेब्रुवारी, शनिवार

पानाच्या मागच्या बाजूला रोजचा ताप आणि शेरा. इतर मुलांचं आठ-दहा दिवसांत आटपतं. मावशीच्या पानाला पुरवण्या डकवल्या आहेत, परीक्षेत हुशार मुली जोडतात तशा, घडीवर घडी. ताप एकशे एक. शेरा: मुलगी विचारते, घरचे कधी येणार. सांगितलं, रविवारी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. सगळं एकाच हस्ताक्षरात. दवाखाना पुढच्याच वर्षी बंद झाला असं दाराजवळच्या फलकावर लिहिलंय. पान मात्र थांबत नाही. शाई बदलते, कागद बदलतो, शेरा तोच.

शेवटची नोंद कालची आहे.

मी रेकॉर्डकीपरांसमोर पान आपटलं. म्हटलं, जुन्या कागदावर कोणीतरी चावटपणा करतंय, तुम्ही इथं कशाचा पगार घेता? ते चष्मा पुसत म्हणाले, आम्ही लिहीत नाही, बाई. आम्ही फक्त सांभाळतो.

आज अर्धा दिवस. उद्या बंद. चिठ्ठी परत घेतली.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दादाचा फोन आला. आईनं खाणं सोडलंय. दर तासाला एकच विचारते, नेलं का गं तिला कोणी? काय सांगू तिला? की ताईही तिथं रोज हेच विचारत होती?

निदान त्या पानाची प्रत दाखवावी म्हणून अर्ज केला. फोन आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे फोटोचा प्रश्नच नाही. अर्ज नामंजूर. कारण: नोंद अपुरी आहे, पाचवा रकाना कोरा आहे, अपुऱ्या नोंदीची प्रत देता येत नाही. मी विचारलं, मग तो भरणार कोण? रेकॉर्डकीपर म्हणाले, नियमाप्रमाणे नेणाऱ्या नातेवाइकानं, समक्ष येऊन.

माझं डोकं फिरलं. सहा दिवस या दोन दारांमध्ये चेंडू झाला होता माझा. शिवाय कोरा रकाना दिसला की माझे हात शिवशिवतात, सत्तावीस वर्षांची सवय आहे. लाल पेन काढलं आणि लिहिलं: कोणी नेलं? भाचीने. खाली आजची तारीख आणि सही. पान पुरवण्यांसकट फाइलीतून सोडवलं, पर्समध्ये घातलं आणि उठले. मामा मागून हाका मारत होते, चिठ्ठी, बाई, तुमची चिठ्ठी! मी वळून पाहिलं नाही.

चोरी केली हे कळतं मला. पण आईच्या हातात ते पान ठेवीन आणि सांगीन, नेलं गं आई, मी नेलं तिला. परवा सकाळच्या बसचं तिकीट काढलंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घरमालकिणीनं भांडण काढलं. एकटी राहते म्हणालात आणि मुलगी घेऊन आलात, म्हणे. कसली मुलगी? तिचं म्हणणं, काल संध्याकाळी तुमचा हात धरून जिना चढली की, दोन वेण्या घातलेली. मी कपाळावर हात मारला. डोळे तपासून घ्या म्हटलं. ती आणखीच भडकली.

पान काढून पाहिलं. पुढची बाजू कोरी. मागची कोरी. पुरवण्या कोऱ्या. फक्त पाचव्या रकान्यात माझी लाल अक्षरं.

अंग मोडून आलंय. उन्हात फिरल्यामुळे असेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बस चुकली. उठवेना. दुपारी घरमालकीण आली ती हसतच. म्हणाली, गुणी आहे हो तुमची पोर, सकाळी नमस्कार करून गेली. बसचा थांबा विचारला. तुमची शाल पांघरली होती.

पर्स उलटी केली. तिकीट नाही. शाल नाही.

घरमालकीण माझ्याशी बोलताना माझ्याकडे पाहत नव्हती. खाटेच्या वर, भिंतीकडे—

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दादाला फोन. आवाज इतका आनंदी की मी दचकले. आई उठून बसली. दोन घास जेवली. दारात एक मुलगी आली, ताई म्हणाली स्वतःला, आणि आईनं बघताक्षणी ओळखलं. दोघी हातात हात घेऊन बसल्या आहेत. मी ओरडले, अरे, ताई नऊ वर्षांची कशी असेल, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तो म्हणाला, तू थकली आहेस. विश्रांती घे.

आई हसताना मागून ऐकू आली. किती वर्षांनी ऐकलं तिचं हसणं. मला आनंद झाला. खरंच झाला. आणि भीती वाटली.

पान परत करायला हवं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कशीबशी गेले. मामांपुढे पान धरलं, हात जोडले. ते म्हणाले, फाइल पुरी आहे. उघडून दाखवली. सतरा नंबरचं पान जागच्या जागी. ताजा कागद. नाव माझं. वय एक्कावन्न. कोणी आणलं: स्वतः आली. खाट: सतरा. कोणी नेलं: कोरं.

मागं एकच ओळ. ताप एकशे एक.

फडताळात पाटी उभीच होती, माझ्या चिठ्ठीसकट. मी ती ओढली. निघेना. मामा हळूच म्हणाले, सोमवारी हाका मारल्या होत्या की मी. त्यांचेही डोळे भरले होते.

दाराकडे गेले. कडी लागलेली. पाच वाजले होते. पाच कधी वाजले?

१५ फेब्रुवारी

टेबलं नाहीत. खाटा आहेत. तीस. बाकीच्या रिकाम्या.

कोणीतरी येऊन ताप पाहतं. हात गार. चेहरा बघायचा म्हटलं की डोळ्यांवर उजेड येतो. मी रागानं विचारलं, मला सोडणार कधी? उत्तर आलं, पाचवा रकाना भरला की. नातेवाइकानं. समक्ष येऊन.

मीच भरते म्हटलं. लाल पेन टेकवलं. उमटत नाही. स्वतःला नेता येत नाही, म्हणे.

अर्ज करू का म्हटलं. करा म्हणाले.

फोन उशाशी आहे. कसा राहिला कोण जाणे. दादानं उचलला. सगळं सांगितलं त्याला, रडत रडत. तो म्हणाला, मी येतो, पण आईला आत्ता सोडून कसं—

आईनं फोन घेतला. आवाज सहा वर्षांच्या मुलीसारखा. ताई आली गं, म्हणाली. तू आणलीस. गुणाची माझी बाय ती. मी म्हटलं, आई, मला न्यायला ये, कोणालाही पाठव, दादाला पाठव—

आई म्हणाली, ‘रविवारी येतो हं न्यायला.’

१६ फेब्रुवारी, रविवार

खिडकी उंच आहे. खाटेवर उभं राहिलं की फाटक दिसतं. सकाळपासून उभी आहे.

रविवार

फोन आता लागत नाही. ताप एकशे एक. राग यायचा, तोही येईनासा झालाय. मी नऊ वर्षांची असते तर कदाचित अजून—

रविवार

वहीची पानं संपली. त्यांनी पुरवणी दिली. डकवून. घडी घालून.

रविवार

फाटक वाजलं. पावलं आहेत. जिन्यावर. दादाच असेल, तो असाच थांबत थांबत चढतो— हाक मारते— नाही. खोलीत टेबलं आल्यासारखी दिसतात. कोणीतरी नवीन बाई, हातात दाखला. मामा फाइल काढताहेत. ती सतराकडे येतेय. मामा तिला सांगताहेत, तिथं सहसा कोणी बसत नाही. ती हसली.

बाई, ऐका, माझं पान तुमच्या हातात आहे, पाचवा रकाना, फक्त तेवढं लिहा, कोणी नेलं, कोणाचंही नाव, तुमचं नाव लि—