आजी सांगेल ते पाठवणे

३ तारीख, सोमवार

गेली! गाडी वळेपर्यंत हात हलवत उभी होते. तिने बघितलं की नाही, कुणास ठाऊक. नात खरी, पण वाढवली मी — म्हणून दुप्पट लागतं.

जाताना खिडकीत बोलका डबा ठेवून गेली. त्यात एआय आहे म्हणे. "याला सांग आजी, दुकानदाराला यादी जाईल, मला निरोप येईल. फोन नको, मी मीटिंगमध्ये असते." बरं बाई!

हिचं कामच ते. या एआयच्या हाताशी अवजारं असतात, त्यांना ती टूल म्हणते. कुठलं टूल कशाचं, हे त्याला दिसत नाही. हिने दोन ओळी लिहून ठेवायच्या, त्या वाचून तो उचलणार. याचा पगार मिळतो! मी चौथीपर्यंत शिकले, अक्षर कोंबडीचे पाय. नात मात्र यंत्रांना शिकवते!

४ तारीख, मंगळवार

साबण, चहापूड, काडेपेटी सांगितली. तासाभरात पिशवी दाराला! डब्याला शाबासकी दिली. मग पहिला निरोप — "पोचलीस का गं? घर खायला उठतं." डबा म्हणाला, "पाठवलं."

७ तारीख, शुक्रवार

उत्तर नाही. कामात असेल.

९ तारीख, रविवार

आज जरा जास्तच बोलले. "समोर कुणी नसलं की घास उतरत नाही. तुझी खुर्ची तशीच ठेवलीय." डबा म्हणाला, "पाठवलं." काय गोड बोलतो मेला!

१० तारीख, सोमवार

नवलच! दुकानदार आला. काही मागवलं नव्हतं. एरवी पिशवी अडकवतो, घंटी वाजवतो, पसार! उंच माणूस, तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. आज दारात घुटमळला. "जेवलात का?"

"जेवले की!" — खोटंच.

चार केळी ठेवून गेला. वय झालं बिचाऱ्याचं, दुसऱ्या कुणाची असतील.

१३ तारीख, गुरुवार

कपाट आवरताना तिचा शाळेतला स्वेटर सापडला. कोपरावर मीच रफू केलेलं. तेही सांगितलं डब्याला. नऊ निरोप झाले, एकालाही हूं नाही की चूं नाही. आता पुरे. कुणाच्या किती मागे लागायचं? आपली किंमत आपण ठेवावी.

(चष्मा पुसला. काच खराब झालीय.)

१६ तारीख, रविवार

फोन! उचलला तर आधी तीच चिडलेली. "आजी, रुसलीस ना? तेरा दिवस, एक शब्द नाही!"

"एक शब्द नाही? नऊ निरोप पाठवले! तुझंच तोंड शिवलेलं!"

"थांब, बघते." खटखट बटणं वाजली. "आजी... सगळे दुकानदाराला गेलेत."

अग्गो बाई! घास, खुर्ची, स्वेटर — सगळं!

म्हणाली, "यादी आणि निरोप, दोन्ही टूलपुढे मी एकच लिहिलंय — आजी सांगेल ते पाठवणे. घाईत होते. तो पहिलंच उचलत बसला."

"जगातल्या डब्यांना शहाणं करतेस, आणि आजीचा तेवढा वेडा ठेवलास?" हसलो. मग ती रडायला लागली. मग काय, मीही.

तिला म्हटलं, दवाखान्यात मी वीस वर्षं सफाईचं कपाट सांभाळलं. नव्या बाईला 'ही बाटली फरशीची' एवढंच सांगून भागत नाही. भांड्यांना लावायची नाही, हेही सांगावं लागतं. म्हणाली, "आजी, ऑफिसात हेच बोंबलून सांगते मी! तूच सांग, मी लिहिते." मग मी सांगितलं, तिने लिहिलं —

यादी : दुकानातून वस्तू आणायच्या असतील तरच. मनातलं बोलत असेल तर हे नाही.

निरोप : नातीसाठी. नाव घेतलं नाही तरी 'तू' म्हणाली की तिलाच. कळलं नाही तर आजीला विचारणे, आपल्या मनाने पाठवू नये.

१८ तारीख, मंगळवार

सकाळी डबा बोलला, आवाज तिचा! नवव्या निरोपापर्यंत उत्तरं. स्वेटर धुऊ नकोस म्हणाली. मी दोनदा ऐकलं. बरं, चारदा.

पण दुकानदाराला तोंड कसं दाखवू? साबण संपत आलाय.

२० तारीख, गुरुवार

गेले एकदाची. म्हटलं, "चुकून आलं हो सगळं तुमच्याकडे. माफ करा."

तो वजनं नीट लावत बसला. "मला कळत होतं, माझं नाही ते. सांगायला हवं होतं. पण बायको गेल्यापासून दुकान बंद केलं की कुणाचा आवाज नाही. तुमचं वाचायचो, मग ताट घ्यायचो." शेवटचं वजन ठेवून म्हणाला, "गेल्या गुरुवारनंतर बंद झालं."

साबण न घेताच घरी आले.

२१ तारीख, शुक्रवार

नातीकडून डब्यात तिसरं टूल घालून घेतलं. ओळी माझ्या — दुकानदाराला निरोप. यादी असेल तर हे नाही. रोज, त्याच्या जेवणाआधी पाठवणे.