सोडलेलं आणि गमावलेलं

उलानबातर, ३ फेब्रुवारी १९९४

ति. नोर्जमाताईस,
सा. न. वि. वि.

सुकवलेलं दही पोचलं, निम्मं वर्गातच संपलं. वर्ग म्हणजे माझाच. मी बाकावर बसते. वीस वर्षं इथल्याच संस्थेत सरकारी नियोजन शिकवलं, आता बाजाराचं अर्थशास्त्र शिकते आहे. परदेशी मास्तर बोलतात, दुभाषी अडखळतो, आम्ही लिहून घेतो.

मार्चअखेर प्रत्येकाने परीक्षकांपुढे एक धडा शिकवायचा आहे. चार यत्ता शिकलेल्या माणसालाही तो कळला पाहिजे. ज्याचा कळेल त्याची संस्थेतली नोकरी राहील, बाकीच्यांना निरोप. चार यत्ता म्हटल्यावर मला तूच आठवलीस, रागावू नकोस. धडा सोबत आहे. कळला का ते खरंखरं कळव.

तुझी,
खांदमा

चेचेरलेग, १४ फेब्रुवारी

चि. खांदमास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ट्रकवाल्याने काल दिलं. रागावले नाही. चार यत्तांनंतर हाती पडेल ते वाचत आले आहे, पण तुझा धडा तीनदा वाचूनही कळला नाही. आठ शब्द वाचनालयातल्या कोशातही नाहीत. दारच्या दोन-चार शेळ्यांना वाचून दाखवला, त्या निदान ऐकत तरी उभ्या राहिल्या.

तो कारखाना ‘अ’ आणि कारखाना ‘ब’ कुठे आहेत? तिथे माणसं कामाला नाहीत का? माणूस घालून पुन्हा लिही. आणि जेवत जा.

तुझी ताई

उलानबातर, २५ फेब्रुवारी

ति. ताईस सा. न.

दोन दिवस तुझ्यावर चिडून होते. मग कारखाने फाडून टाकले.

आता बघ. शरद ऋतू एकच आहे. तू लोकर कुटून नमदे घालशील किंवा अंगरखे शिवशील, दोन्ही होणार नाही. अंगरखे शिवलेस तर जे नमदे झाले नाहीत, ती त्या अंगरख्यांची खरी किंमत. पुस्तकात तिला ‘गमावलेला लाभ’ म्हणतात. एवढाच धडा. कळलं का?

उत्तराची वाट पाहणारी,
खांदमा

चेचेरलेग, ९ मार्च

चि. खांदमास आशीर्वाद.

कळलं. फार नीट कळलं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

सहकारी संस्था मोडली त्या शरदात ठरलं होतं, की जो कळप घेऊन हिवाळी कुरणावर जाईल, कळप त्याचा. माझंही नाव होतं. तुझे भावजी दोंदोव तेव्हा इस्पितळात होते. मी त्यांच्या खाटेजवळ थांबले आणि कळप शेजारच्या यांजिवने नेला. डिसेंबरात ते गेले. नोर्जमाने कळप गमावला, असं लोक अजून म्हणतात.

मी गमावला नाही, खांदमा. गमावलेली वस्तू माणूस शोधत फिरतो. मी तर सोडला, दिवसाढवळ्या, समजून. ते तीन महिने मला त्या किमतीला मिळाले आणि महाग पडले नाहीत. तुझ्या पुस्तकातला शब्द चुकला आहे. बदल.

तुझी ताई

उलानबातर, ३० मार्च

ति. ताईस सा. न.

काल माझा धडा झाला. कळपाची गोष्ट सांगितली, तुझं नाव घेतलं नाही. फळ्यावर लिहिलं : ‘सोडलेला लाभ’. मुख्य परीक्षक लगेच म्हणाले की शब्दांच्या छापील यादीत ‘गमावलेला’ आहे, बाई घरचे शब्द घेऊन आल्या वाटतं. मागे कोणी हसलं. पुसून टाकते म्हटलं असतं तर सुटले असते. पण मी म्हणाले, “साहेब, गमावण्यात माणसाने काही ठरवलेलं नसतं. माझा धडा ठरवण्याचा आहे.”

दुभाष्याने ते परदेशी मास्तरांना सांगायला बराच वेळ घेतला. त्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, ही बाई कुठे शिकली. चेचेरलेगला, म्हटलं.

नोकरी राहिली, ताई. छापील यादी आहे तशीच राहणार, माझ्या वर्गात मात्र तुझा शब्द. सप्टेंबरात पहिला तास आहे. येशील?

तुझ्या लोभात वाढलेली,
खांदमा

चेचेरलेग, ११ एप्रिल

चि. खांदमास अनेक आशीर्वाद.

पत्र दोंदोवच्या फोटोपुढे मोठ्याने वाचलं. असं अजून वाचते, सवय आहे.

सप्टेंबरात इथे नमदे घालायचे असतात. आले तर यंदाचे राहून जातील. हिशेब तुझ्याच रीतीने करून पाहिला. राहू देत.

मागच्या बाकावर जागा ठेव.

तुझी ताई,
नोर्जमा