उकळलेलं विरजण

१२ मार्च ८७, गुरु.
ह्यांचा टायफॉइडचा ताप उतरला, आज आठवा दिवस. बहुतेक ह्यांच्या कोलशेतच्या कंपनीतलं पाणी. सिद्ध कोण करणार? तापाच्या दिवसांत मी घर धुऊन काढलं, भांडी उकळली, सासूबाईंच्या वेळपासून चालत आलेलं विरजणसुद्धा मोरीत ओतलं. जंतू ते जंतू.

१४ मार्च
ह्यांचं पोट थांबत नाही. आज सात वेळा. धरून न्यावं लागतं. डॉ. म्हणाले, "औषधानं वाइटांबरोबर चांगलेही मेले. घरचं ताजं ताक द्या." बी.एस्सी.ला माझा हाच विषय. आणि विरजण मीच ओतलेलं.

१५ मार्च
बाळकुमची हिराबाई मासळी घेऊन आली. नको म्हटलं, ह्यांच्या पोटाचं आणि ओतून टाकलेल्या विरजणाचं सांगितलं.
"तुजंच विरजण हाय की माज्याकडं, बाय! तूच दिलंवतंस. अजून चाललंय."
खरंच, पाच-सहा वर्षं झाली असतील.

१६ मार्च
वाटी आली. पण मासळीचं घर, खाडीकाठ. धीर होईना. दूध उकळतं असतानाच विरजण घातलं. वाईट असेल ते मरेल.

१७ मार्च
लागलं नाही. दूध जसंच्या तसं.
हे पडल्या पडल्या, "बी.एस्सी.बाई, चांगल्यांना आधी बाजूला काढलं होतं ना?"
मी संतापले. पण बरोबर आहे. उष्णता कुणाचा स्वभाव विचारत नाही.
कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली टायफॉइडचा जंतू नि दह्यातला, दोन्ही काड्याच दिसायच्या. रंग दिला की टायफॉइडची गुलाबी, दह्यातली जांभळी. मग जीवघेण्या घटसर्पाची का जांभळी? म्हणजे चांगलं-वाईट रूपावर नाही, रंगावरही नाही. काय करते त्यावर. एक दुधातली साखर खाऊन आंबट करते, बस्स. दुसरी आतड्याची भिंत ओलांडून रक्तात. आणि एकाच कुळातली एक पोटात जन्मभर निमूट, दुसरी जिवावर उठते, ते का? सरांना विचारलं होतं. "परीक्षेला नाही."

१८ मार्च
हिराबाईकडे पुन्हा मागितलं. कारण सांगावंच लागलं.
"उकळलंस? शिकल्याली ना गो तू!" पोट धरून हसली. मग म्हणाली, "बोट घाल. बोटाला सोसंल तेवढंच त्याला सोसतं."
साबणानं हात धुऊन बोट घातलं. कोमट. विरजण लावलं.
ह्यांना आज पाच वेळा. ताकाचं दोनदा विचारलं. उद्या म्हटलं.
पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवलंय. हलवायचं नाही, उघडायचं नाही.
दोनदा उघडून पाहिलं.