तोमेच्या तळ्यावरचा पडदा

चि. इसामु यास,

तुझ्या थोरल्या भावाचे आशीर्वाद, या परिस्थितीत जेवढे निघतील तेवढे. तिकडे दक्षिणेत ज्वालामुखीची राख अजून अंगणात पडते आहे का? तुझ्या युमिकोची तब्येत आणि तुझे गुडघे बरे असावेत. इकडे बर्फ कमरेपर्यंत आला आहे, तुझी वहिनी फुसाए ठणठणीत आहे आणि मी जिवंत आहे. हे शेवटचं मुद्दाम लिहितो, कारण गेल्या आठवड्यात गल्लीत त्याबद्दल एकमत झालं होतं आणि ते माझ्या बाजूचं नव्हतं. याला सर्वस्वी तू जबाबदार आहेस.

तोमे म्हातारी झाली आहे हे तुला कळवलंच होतं. (तू कागोशिमाला निघून गेलास त्याच शरदात वडिलांनी हा कोई मासा तळ्यात सोडला आणि म्हणाले, एक गेला, एक आली. तुझ्यापेक्षा तिने घर जास्त धरून ठेवलं, हेही नोंदवून ठेवतो.) दर हिवाळ्यात ती खालच्या गावातल्या मत्स्यपालकाकडे, घरातल्या टाकीत असायची. यंदा त्याने धंदा गुंडाळला. यंदाची थंडी उघड्यावर काढली तर ही जगायची नाही, असं तो जाताना माझ्या तोंडावर सांगून गेला. म्हणून मी तळ्यावर बांबूची कमान उभारली, त्यावर प्लास्टिक ताणलं, श्वासाला कोपऱ्यात फट ठेवली. पहिल्याच वाऱ्यात प्लास्टिक उडून शेजारच्या कुवाबारांच्या पर्सिमनच्या झाडावर जाऊन बसलं. ते काढून आणलं, पण वरून दाबायला जाड कापड हवं होतं. तेवढंच तुझ्याकडे मागितलं. आणि तू काय पाठवलंस? सासऱ्यांच्या दुकानातला अंत्यविधीचा पडदा. काळे-पांढरे पट्टे, अख्ख्या अंगणाला पुरेल एवढा. वर चिठ्ठी, की दादा, कापड मजबूत आहे, फुकट आहे.

मी काही खुळा नाही. हा पडदा दिसला की रस्त्यावरचा माणूस टोपी काढतो, हे मलाही कळतं. म्हणून तो उलटा घातला. मागची बाजू कोरी पांढरी, बर्फात बर्फासारखी. गवताच्या दोरांनी आवळून बांधला. पाणी आत वाफाळल्यासारखं उबदार झालं (हे जरा वाढवून सांगतो, पण तोमेचे कल्ले हलायला लागले). एवढं काम करून मी सर्दीने आडवा झालो. फुसाएने खिडक्यांची दारं लावून घेतली, मला पांढरा सुती किमोनो घातला आणि सकाळी औषध आणायला दवाखान्यात गेली. रात्री बर्फाऐवजी पाऊस पडून गेला होता. तुझं मजबूत कापड भिजलं आणि आतले काळे पट्टे आरपार दिसायला लागले.

आता आपल्या गल्लीचा विचार कर. तोकुझो (म्हणजे मी) दोन दिवस दिसला नाही, खिडक्या बंद, अंगणात पडदा, आणि फुसाए नाक पुसत रस्त्याने चाललेली (तिलाही सर्दीच झाली होती). कोणी विचारलं का? नाही. अशा वेळी विचारणं बरं दिसत नाही. रीतीप्रमाणे बायका पांढरे एप्रन बांधून मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात शिरल्या. मला जाग आली ती अरवी शिजल्याच्या वासाने. सरकत्या दाराच्या पलीकडे माझ्याच मागे माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं.

"माणूस वाईट नव्हता हो, फक्त हेकट," गल्लीतल्या हिसाकोवहिनी म्हणत होत्या.

"फुसाएताई सुटली. हिवाळाभर माशाचं कौतुक ऐकायचं म्हणजे काय कमी का?"

"मीठ जरा जास्तच पडू दे. तोकुझोकाकांना अळणी आवडायचं, पण आता ते कुठे खाणार आहेत?"

इसामु, चाळीस वर्षं या गल्लीचा बर्फ मी उपसला. हेकट. मी उठून जाब विचारणारच होतो, तेवढ्यात हिसाकोवहिनींनी तुला केलेला फोन सगळ्यांना सांगितला. भाऊ गेल्याचं ऐकून तू पहिला प्रश्न विचारलास, तोमेचं काय? झालं. धाकट्या भावाची इच्छा म्हणून कुवाबारा (आमचे गल्लीप्रमुख, काळा सूट घालून तयारच होते) जाळं घेऊन तळ्याकडे निघाले. तुझ्याकडे पाठवायला. या थंडीत, बादलीतून.

मग मी दार सरकवलं आणि बायकांमधून थेट अंगणात गेलो. अनवाणी, तोच पांढरा किमोनो, केस उभे, सर्दीने आवाज बसलेला. कुवाबारांनी दोर कापून पडदा अर्धा उचलला होता. मी म्हणालो, "हात लावशील तर बघ." मागे बायकांनी हात जोडले. कुवाबारा मागे सरले आणि पडद्यासकट तळ्यात गेले. तोमे त्यांच्या सुटाच्या बाहीजवळून शांतपणे वळून तळाशी गेली. तिच्याइतकं भान त्या दिवशी कोणालाच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत कुवाबारा माझ्या कपड्यांत बसून माझ्याच अंत्यविधीचं जेवण जेवले, आणि मग सगळ्यांनी मिळून कमान पुन्हा उभी केली. कोणी माफी मागितली नाही. हिसाकोवहिनी तर म्हणाल्या, एवढं केलंय तर काका दोन घास खाऊन तरी घ्या. अरवी खारट होती.

तुझा संतप्त,
तोकुझो

ता. क. पडदा मधोमध फाटला आहे. दुसरा पाठव. या वेळी लग्नाचा, लाल-पांढरा. लोक काय समजायचं ते समजोत.

ता. क. हिसाकोवहिनींकडून नंतर कळलं, की तोमेचं विचारल्यावर तू म्हणालास, दादा नाही तर तिच्यावर पांघरूण कोण घालणार, आणि फोन ठेवून दिलास. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. वरचा मजकूर तरी मी खोडत नाही.

ता. क. नव्या वर्षात माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. फुसाएला सांगितलं आहे, तुला सांगत नव्हतो. पुढे वसंतापर्यंत फावडं धरायचं नाही म्हणतात. कमानीवरचा बर्फ रोज सकाळी झटकावा लागतो, नाहीतर ती तोमेवर कोसळेल, आणि फुसाएचा हात तिथवर पोचत नाही. माझ्या अंत्यविधीसाठी तू विमानाचं तिकीट काढलं होतंस म्हणे. वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर पहिल्यांदाच. ते रद्द केलं नसशील तर पुढच्या तारखेचं करून घे. काळा सूट आणू नकोस, बर्फाचे बूट आण.