दोन इंच वाढतं

मंगळवार, ९ डिसेंबर. सकाळी विजय नगरच्या शिंप्याकडून, मास्टरजींकडून, तीन मुलांचे कपडे आणले. दुपारी सूनबाई नातवाला शाळेतून थेट इकडे घेऊन आली. कपडे अंगावर घालून पाहिले. साडेतीनला दोघं परत गेली. आता चार वाजलेत, घरात मी एकटाच आहे. ही मुलीकडे दुबईला गेलीय, लग्नाच्या तयारीला.

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. या काळात मी तुला कधी काही लिहिलं नाही. तू होतीस तेव्हाही लिहिलं नाही, कारण आपण एकाच घरात राहायचो, आणि समोरासमोर जे बोलायचं ते तूच बोलायचीस. आज लिहितोय त्यात प्रेम फार नाही, हे आधीच सांगतो.

तुझी नात लग्न करतेय. मुलगा फिलिपिन्सचा आहे, तिच्याच हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे आणि तू कोणत्या आवाजात म्हणाली असतीस तेही माहीत आहे. मी तसलं काही म्हणालो नाही. पण मी काहीच म्हणालो नाही. तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी "अच्छा" म्हणालो आणि फोन हिच्या हातात दिला. त्यानंतर कितीतरी महिने ती माझ्याशी फक्त तब्येतीचं बोलायची. तिला वाटलं बाबा नाराज आहेत. मी नाराज नव्हतो, मला बोलता आलं नाही. मग दसऱ्याच्या सुमारास तिचा फोन आला. "बाबा, मला तुमच्याकडून एकच काम हवंय. बाकी काही नको."

त्यांच्याकडे लग्नात तीन लहान मुलं वेदीपर्यंत चालत जातात. एकाच्या हातात उशीवर अंगठ्या, दुसऱ्याच्या हातात नाणी, तिसऱ्याच्या हातात बायबल. दोघं नवऱ्या मुलाच्या बहिणीचे, एक आठ वर्षांचा काटकुळा आणि एक पाच वर्षांचा गुबगुबीत. तिसरा आपला नातू, सात वर्षांचा. अंगठ्या त्याच्याकडे. या तिघांचे कपडे मी जबलपूरला करून घ्यायचे होते. त्यांच्याकडचा सणाचा सदरा असतो, बारोंग म्हणतात. अननसाच्या पानांच्या धाग्याचा, आरपार दिसणारा, आत पांढरा बनियनसारखा सदरा घालायचा आणि वरून हा, पँटीत न खोचता. मुलीची कल्पना अशी की कापड आपल्याकडचं घ्यायचं, चंदेरी. तीही तशीच झिरझिरीत. शिवण त्यांची, कापड आपलं. मला ती कल्पना फार आवडली. तिला मी "ठीक आहे" एवढंच म्हणालो, पण दुसऱ्याच दिवशी कापड बघायला निघालो.

दुकानदार म्हणाला, "अंकल, बच्चों के लिए शेरवानी ले लो, पगड़ी के साथ. फोटो मस्त आएगा." मी म्हणालो, फोटोसाठी नाही, लग्नासाठी हवंय. सात ताग्यांमधून एक निवडला, साईच्या रंगाचा. पांढरा शुभ्र घेतला असता तर आतला सदरा आणि वरचा एकच वाटला असता. बटणांच्या पट्टीवर भरतकामाला पांढरा धागा ठरवला, जरीचा नको, पाच वर्षांच्या मुलाला जरीची तार टोचते. पँट काळी. पट्ट्याऐवजी मागे इलॅस्टिक, कारण गुबगुबीताला चालताना दोन्ही हात नाण्यांना लागतील. हे सगळं मी विचार करून ठरवलं, आई. एवढा विचार मी स्वतःच्या कपड्यांचा कधी केला नाही.

मापं नवऱ्या मुलाच्या आईनं पाठवली. व्हिडिओवर त्या इंग्रजीत अगदी हळू बोलल्या, मला समजावं म्हणून. स्वतःचं मनगट कॅमेऱ्यासमोर धरून हाडावर बोट ठेवलं. बाही इथपर्यंत, याच्या पुढे नाही. मुलांचे हात दिसले पाहिजेत. हात दिसले नाहीत तर मागच्या रांगेला वाटेल उशी आपोआपच चाललीय. आणि त्या हसल्या. मीही हसलो. मी लिहूनही घेतलं, मनगटाच्या हाडापर्यंत.

तो कागद खिशात घेऊन मी मास्टरजींकडे गेलो आणि कागद त्यांच्या हातात देता देता माझ्या तोंडून निघालं, "मास्टरजी, दो इंच बढ़ती रखना."

ते म्हणाले, "अंकल, एक दिन का कपड़ा है. बच्चा मंडप में थोड़े ही बढ़ेगा."

"रखो जी. एक इंच बाहर, एक इंच मार्जिन में."

ते तुझं मोजमाप होतं. एक इंच लांब, एक इंच आत दुमडलेलं, पुढच्या वर्षी उसवून सोडायला. तू स्वयंपाकघरात खिडकीखाली मशीन ठेवली होतीस, दुपारची झाकपाक झाली की फरशीवर कापड पसरायचीस. मी पाटावर उभा. तोंडात टाचण्या धरून तू बोलायचीस, "हात वर. श्वास सोड. काहून अंग चोरून राहिला?" छातीला टेप गुंडाळून त्यात स्वतःची चार बोटं घालायचीस आणि मग माप घ्यायचीस. वाढत्या अंगाचं. माझ्या लहानपणी मी घातलेला प्रत्येक शर्ट पुढच्या वर्षीच्या मुलासाठी शिवलेला होता. तो मुलगा यायचा होता म्हणून तू माझ्याकडे बघत नव्हतीस, माझ्या पलीकडे बघत होतीस.

याबद्दल मी तुला दोष देत नाही. बाबांच्या फॅक्टरीतल्या सगळ्या घरांत असंच होतं, अख्खी कॉलनी ढगळ कपड्यांत शाळेत जायची. तो गुन्हा नव्हता. गुन्हा मावशीच्या लग्नात झाला.

मावशीला भाऊ नव्हता, म्हणून कानपिळीला मला उभं करायचं ठरलं. मी सात वर्षांचा. नवरदेव सिहोऱ्याचा. तू माझ्यासाठी बंद गळ्याचा कोट शिवलास, निळा, पितळी बटणांचा. मी तो कोट घालून आदल्या दिवशी चार वेळा आरशासमोर उभा राहिलो. बाह्या बोटांच्याही खाली येत होत्या. मी म्हणालो, आई, हात दिसत नाहीत. तू म्हणालीस, "दोन वर्षांनी दिसतील."

मांडवात माझं नाव पुकारलं. मी नवरदेवाच्या मागे गेलो, हात वर केला, आणि बाही हाताच्या पुढे गेली. कापडातून कान धरला, तो निसटला. परत धरला, परत निसटला. नवरदेवाचा एक मित्र ओरडला, "अरे, मेव्हणेबुवा कुठं राहिले? नुसता कोटच आला की!" माणसं हसली. मी दातांनी बाही वर ओढायला लागलो. तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. तू समोरच होतीस, पहिल्या रांगेत. तू उठून माझी बाही दुमडून दिली असतीस तर तीन पावलं लागली असती. तू बसल्या जागेवरून म्हणालीस, हिंदीत म्हणालीस, बँडवाल्यांनाही कळावं म्हणून, "कपड़ा तो ठीक है जी, लड़का ही छोटा रह गया."

सगळा मांडव हसला. बँडवाल्यानं वर एक ठेका दिला. आणि मीही हसलो.

नवरदेवानं मला कानपिळीचं पेन दिलं. ते तू ठेवून घेतलंस, मोठा झाल्यावर देईन म्हणून. कोटही पेटीत गेला. दर दसऱ्याला तू तो बाहेर काढून माझ्या अंगावर चढवायचीस, खांद्याची शिवण बघायचीस आणि परत घडी घालायचीस. "अजून नाही." मी अकरा वर्षांचा झालो तेव्हा छाती आली पण बाह्या आल्या नाहीत. मी उंचीनं राहिलोच, आई. तुला माहीत आहे. धाकट्या भावाला तो कोट सहाव्या इयत्तेत बरोबर बसला, तू त्याला दारात उभं करून शेजारणींना दाखवलंस. पेनही त्यालाच मिळालं. शाई वाळून गेली होती.

पण ते वाक्य माझ्याकडेच राहिलं. मॅट्रिकच्या निकालाला तू ते म्हणालीस. नोकरी लागली आणि मी पहिल्यांदा ऑफिसला जाताना टाय बांधला तेव्हा म्हणालीस. माझ्या लग्नात हिच्या आईसमोर म्हणालीस, ही माझ्याहून बोटभर उंच म्हणून. मी सत्तावीस वर्षांचा होतो, मुंडावळ्या बांधलेल्या. मी हसलो. दर वेळी हसलो. लोक म्हणायचे, आईचा स्वभाव गमत्या आहे. तुझ्या शेवटच्या आजारपणात मी रोज तुझे पाय चेपले आणि रोज वाट पाहिली, की तू एकदा तरी ते परत घेशील. तू मला सांगितलंस की गरम पाण्याची पिशवी गळतेय.

आता आजचं सांगतो.

नातू शाळेच्या गणवेशातच होता. सूनबाईनं त्याला आतला सदरा घातला, वरून चंदेरी. मुलीला व्हिडिओवर घेतलं, फोन टीव्हीला टेकवून ठेवला. आणि मी पाहिलं ते हे: झिरझिरीत कापडात काहीच लपत नाही. जाड कापडात मार्जिन आत दडतं, कुणाला कळत नाही. इथं प्रत्येक बाहीच्या टोकाला आणि खालच्या घेराला आत दुमडलेला इंच जाड पट्ट्यासारखा दिसत होता, पावसात भिजलेल्या धोतराची किनार दिसते तसा. तिन्ही सदऱ्यांना. आणि खांदेही सैल उतरल्यामुळे नातवाच्या बाह्या बोटांवर आल्या होत्या.

त्यानं दोन्ही हात वर केले. बाह्या लोंबल्या. मोठ्या मजेत म्हणाला, "आजोबा, मेरे हाथ कहाँ गए?"

मी म्हणालो, "कपड़ा तो ठीक है जी, लड़का ही छोटा रह गया."

विचार केला नाही, ठरवलं नाही. तुझ्या सुरात निघालं, मधल्या "जी"सकट. सूनबाई सासऱ्याच्या मानासाठी थोडं हसली. नातवानं माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. हसायचं की नाही ते त्यानं ठरवलं, आणि मग हसला. एवढ्याशा वेळात मुलगा काय काय ठरवतो ते मला ठाऊक आहे. हात हळूच खाली घेतले त्यानं.

फोनमध्ये मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "बाबा, हे आजीचं वाक्य आहे."

मी टीव्हीजवळची धूळ पुसायला लागलो.

"कपड्यांचं काय, होतील ठीक. त्याला सॉरी म्हणा."

सूनबाई मध्ये पडली, "जाने दो ना दीदी, बाबा तो मज़ाक कर रहे थे."

"मलाही माहीत आहे मज़ाक," मुलगी म्हणाली. "तुम्हाला ते कसं लागायचं ते मी लहानपणी बघितलंय, बाबा. तुम्ही हसायचात आणि मग बाहेर जाऊन सायकल पुसायचात."

मी म्हणालो नेटवर्क बरोबर नाही, आणि फोन बंद केला. नातवाला एक चॉकलेट दिलं. त्यानं ते दप्तरात ठेवलं, खाल्लं नाही. जाताना दारात तो मला "बाय" म्हणाला, नेहमीसारखं पाया पडला नाही, आणि मी त्याला सॉरी म्हणालो नाही. बारा पावलांवर स्कूटर होती. मी उंबऱ्यात उभा राहिलो. तू तीन पावलं चालली नाहीस, मी बारा.

तू मला हे दिलंस. दुसरं काही दिलं नाहीस असं नाही, पण हे सगळ्यांत नीट बसलं. बाकीचे सगळे कपडे मला मोठे झाले, हे एक तेवढं अंगाबरोबर आलं. मी तुला माफ करायला बसलो नाही, वाटलं होतं लिहिता लिहिता जमेल, तसं झालेलं नाही. उलट आता दोघांचा राग येतोय.

मास्टरजींना फोन केला. ते म्हणाले, चार दिवस लागतील. सामान शुक्रवारी माझ्या मुलासोबत दुबईला जायचंय. म्हणून मीच बसलोय. तू धाकट्याला नाही, मला टाके घालायला शिकवलंस, कारण मी घरात बसणारा होतो. खरं सांगायचं तर माझी हेम, काठाची हातशिलाई, मास्टरजींपेक्षा बारीक येते. ते मला आवडत नाही, पण येते.

आणि एक. हे पत्र नातवाला लिहायला हवं होतं. त्याला चार शब्द पुरले असते. तुला लिहिणं सोपं गेलं, कारण तू वर बघणार नाहीस. उद्या शाळा सुटायच्या वेळी मी सदरा घेऊन फाटकापाशी जाईन. तोंड उघडेल की नाही, आज सांगता येत नाही.

पहिल्या सदऱ्याची बाही ब्लेडनं उसवून झालीय. नातवाच्या मनगटापर्यंतचं माप टेपवर धरलं, खडूनं खूण केली. तू असतीस तर आत दुमडलं असतंस. मी दोन इंच कात्रीनं कापून टाकले. आता कागद बाजूला ठेवतो, दोन्ही हात लागणार आहेत, आणि सुईत दोरा ओवायला चष्मा बदलावा लागतो.