कुरळ्याचा पिक्चर आणि आखाजीचं मूळ

नशिराबाद
१२ फेब्रुवारी २०२४

ती. सुनंदाअक्कास,
धाकट्या बेबीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं मशीन लावलं की भांडी ऐकू येतात आणि माणसं येत नाहीत, हे वाचून आमच्या ह्यांना हसू आलं. मला नाही आलं. मशीन डबीत ठेव आणि माझी पत्रं वाच. फोन करावा तर मी तुझ्या पोराला, अभिमनला सांगायचं, त्यानं ते तुला खुणांनी सांगायचं, तोवर बोलण्यातलं मीठ निघून जातं. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा र्‍हस्व-दीर्घ तू सांभाळून घे.

गेल्या शुक्रवारी जळगावला जाऊन तो शिवणवाल्या बाईचा पिक्चर पाहिला. बाई आपल्या भागातली दाखवलीय म्हणे. पण केळीच्या बागेतून पळते ती नवी पांढरी साडी नेसून. केळीचा डाग कधी निघतो का? पिक्चर काढणाऱ्याला हे त्याच्या आईनं सांगितलेलं दिसत नाही. नवरा तिला टाकून जातो, ती मशीन घेते, पुढं दुकान टाकते. मग हा सुकलेलं तोंड घेऊन परत. ती त्याला दारातच तांब्याभर पाणी देते, पिऊन झालं ना, आता जा म्हणते, आणि मशीनवर जाऊन बसते. संपला पिक्चर. मला पटला.

आता कुरळ्याचं, आपल्या त्या कुरळ्या केसांच्या हिरोचं. मागच्या पिक्चरमध्ये त्यानं माझं डोकं उठवलं. समोरचा बोलत असला की हा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघतो, मग अर्ध्या श्वासानं उशिरा उत्तर देतो. डोक्यावर टोप असा, की कोंबडी अंडं घालायला बसलीय. वय झालं, पाठ होत नसेल. त्यानं आता घरी बसावं असं माझं मत आहे. पण नवा पिक्चर आखाजीच्याच दिवशी, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरून लागतोय आणि तो मी बघणार. शिव्या द्यायच्या तर बघून द्याव्यात. तू पण ये. एदलाबादच्या यात्रेत तंबूतला पहिला कुरळ्या तूच मला दाखवलास, आता हा मी तुला दाखवते.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायला सवड कुणाला आहे.
तुझी बेबी


गल्ली क्र. ४, धुळे
२७ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. बेबीस,
अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र भाविकाला वाचायला दिलं. नात कॉलेजात जाते, पण तुझ्या पत्राची वाट माझ्याइतकीच बघते. तिनं तोच पिक्चर मोबाईलवर पाहिला आणि पाटी घेऊन माझ्यासमोर बसली. लिहून दाखवलं की आजी, ती बाई नवऱ्याला जा म्हणतच नाही. त्याच्या पाया पडते, दुकानाची किल्ली त्याच्या हातात देते आणि गाणं लागतं.

मग आम्ही तुझी जुनी पत्रं काढली. दिवाळीच्या पिक्चरमधला सासरा सुनेची माफी मागत नाही म्हणे. आणि तो फौजदार तर मरतो. तू त्याला रिटायर करून केळी लावायला बसवलंस. बेबी, तू मला दोन वर्षं कुठले पिक्चर दाखवत होतीस? भाविका हसून हसून लोळली.

आखाजीचं अभिमनला विचारलं. नको म्हणाला. मागच्या साली इथं धुळ्यात त्यानंच नेलं होतं. तेव्हा मी काही बोलले, किती मोठ्यानं ते मला कळलं नाही, पण मोठ्यानंच असेल, कारण पुढच्या रांगेतली बठ्ठी तोंडं वळली आणि सुनेनं, हेमांगीनं ओढणी तोंडावर घेतली. तेव्हापासून पिक्चर म्हटलं की त्याची मान आडवी हलते. पोरगा वाईट नाही. गोळ्या वेळेवर, सून जेवण वेळेवर देते. पण बोलतो तेव्हा त्याची पाठ माझ्याकडे असते. हिला ऐकू येत नाही तर तोंड वळवून उपयोग काय, असं असेल. मला आता ओठ कळायला लागलेत, हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. परवा हेमांगी शेजारणीला सांगत होती, "त्यासले काय, बठ्ठं सारखंच शे." म्हणजे मला काय, सगळं सारखंच. मी मेथी निवडत राहिले.

मला तो पिक्चर बघायचाय, बेबी. टीव्हीवर नाही, खाली अक्षरं येणारा नाही. अंधारात, माणसांत बसून.

लोभ ठेव, आणि इथून पुढं शेवट खरे लिहीत जा.
अक्का


नशिराबाद
६ मार्च २०२४

ती. अक्कास,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

हो, बदलले शेवट. पुढंही बदलीन. त्या पिक्चरवाल्याला वाटलं म्हणून त्यानं बाईला पायावर पाडली, मला वाटलं म्हणून मी तिला उठवली. त्याला कुणी जाब विचारत नाही, मग मलाच का? अख्खा पिक्चर ती बाई रात्रीचे डोळे फोडून ब्लाउज शिवते ते काय किल्ली त्याला द्यायला? मी तिथंच मोठ्यानं म्हटलं की देऊ नको गं. मागच्या बायका हसल्या. पण त्यातली एक हो म्हणाली, ते मी ऐकलं.

आणि तू कुठली खरं सांगणारी आलीस? तंबूत पुढच्याच्या फेट्यामुळं मला काही दिसायचं नाही, तू कानात सांगायचीस. कुरळ्या घोड्यावरून पडला, तेव्हा तू मला सांगितलंस की तो दमून झोपलाय. मी न्हातीधुती होईपर्यंत तो झोपलेलाच होता. शिवाय आपण बसायचो पडद्याच्या मागच्या बाजूला, तिथं चित्र उलटं दिसायचं. कुरळ्या डावखुरा आहे म्हणून मी शाळेत पोरींशी भांडले, आणि आजही तो उजव्या हातानं जेवताना दिसला की मला चुकल्यासारखं वाटतं. असलं बठ्ठं तू मला शिकवलंस आणि आता खरे शेवट मागतेस.

अभिमनचं म्हणशील, तर त्याला विचारलंस हीच चूक. आखाजीला लेक माहेरी जाते, त्यात विचारायचं काय असतं? आपल्याला भाऊ नाही, आई-बाप गेल्यापासून तुला माहेरी न्यायला मूळ आलं नाही, म्हणून तू विचारायला लागलीस. यंदा मूळ येईल. न्यायला येणारा मुराळी मीच. बाई मुराळी असू नये असं कुठं लिहिलेलं असेल तर अभिमननं मला वाचून दाखवावं, त्याची शाळा माझ्यापेक्षा जास्त आहे. आखाजीचं मूळ आजवर कुणी दारातून परत फिरवलेलं नाही.

आमचे हे म्हणाले की घागरीची पूजा सोडून पिक्चर का? मी म्हटलं, पूजा सकाळी, पुरणपोळी-रस दुपारी, आणि पूर्वजांना संध्याकाळी काही काम नसतं.

माझ्यावरचा लोभ कमी करायचा असेल तर समोर येऊन कर.
बेबी


धुळे
२४ एप्रिल २०२४

ती. बेबीमावशीस,
अभिमनचा सा. न. वि. वि.

आई बॅग भरून बसली आहे, म्हणून हे पत्र लिहितो. तुमचं तिच्यावरचं प्रेम मला माहीत आहे. पण ऊन पाहा, त्यात निवडणुकीमुळे गाड्या भरलेल्या. वाटेत काही झालं तर?

खरं कारणही लिहितो. मागच्या वर्षी थिएटरात आई मध्येच जोरात बोलली, तेव्हा दोन पोरांनी तिची नक्कल केली. तिला ते कळलं नाही. मला कळलं. मला ते पुन्हा पाहवणार नाही. तिला पिक्चरमधलं काही उमगणारही नाही, मग लोकांच्या हसण्याला तिला का बसवायचं? मी घरी मोठा टीव्ही घेतला आहे.

राग नसावा. आमच्यावर लोभ आहेच, तो असाच असू द्यावा.
आपला अभिमन


नशिराबाद
२९ एप्रिल २०२४

चि. अभिमन यास,
मावशीचे अ. उ. आ.

तुझं पत्र समजलं. पोरांनी नक्कल केली तर पोरांना बाहेर काढायचं, आईला नाही. त्यांच्या आया त्यांना काढत नसतील, तर माझा हात मोकळा आहे.

तिला उमगणार नाही हे तू तिला विचारलंस का? विचारलं असशील, तर कुठं तोंड करून?

आखाजीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं मुराळी येतोय. त्याला चहा लागतो, साखर कमी. मूळ परत पाठवायचं असेल तर गल्लीसमोर पाठव.

तुझ्यावरचा लोभ लहानपणी कडेवर घेतलं तेवढाच आहे. वजन मात्र वाढलंय.
मावशी


धुळे
२१ मे २०२४

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ. वि. वि.

सुखरूप पोचले. तुझ्या ह्यांना, रतिलालरावांना सांग, रस जास्त झाला, पोट आत्ता कुठं जाग्यावर आलंय. निंबाच्या झोक्यावर तू मला बसवलंस ते मी इथं कुणाला सांगितलेलं नाही. माझं वय सांभाळ.

तू खांद्यावर टॉवेल टाकून, सांजोऱ्यांचा डबा घेऊन दारात उभी राहिलीस, तेव्हाचं अभिमनचं तोंड मला अजून दिसतं. अख्खी गल्ली ओट्यावर आली. हेमांगी आत जाऊन हसली, आणि माझी पिशवी तिनंच बाहेर आणून ठेवली.

पिक्चरात मी तुझा हात झटकला, त्याचा राग धरू नको. तू माझ्या तळहातावर बोटानं एकेक गोष्ट सांगत होतीस, हा भाऊ, ही सून, हा वकील. आणि मला दिसत होतं. दोन वर्षं मी घरात दुसरं काय करतेय, तोंडंच बघतेय. कुरळ्या काय करतो ते मला लगेच कळलं. तो समोरच्याचे ओठ मिटायची वाट बघतो, मग बोलतो. जिथं कुणी पाठ करून बोलतं, तिथं तो उत्तर देतच नाही, नुसती मान हलवतो. ती मान माझी आहे, बेबी. बाकीच्या नटांना सांगितलेलं असणार, बठ्ठे त्याच्याकडे वळून वळून बोलतात. तो पाठांतर विसरत नाही. त्याला ऐकू येत नाही. आणि अख्खा पिक्चर त्यानं ओढलाय.

तिथं मी किती मोठ्यानं बोलले ते तूच मला लिही. तू सांगितलं नाहीस.

घरी आल्यावर जेवताना हे सांगितलं. अभिमन हसला, असं काही पेपरात आलेलं नाही म्हणाला. बोलताना ताटाकडे बघत होता, पण तेवढं मला कळलं. रविवारी तो भाविका-हेमांगीला घेऊन तोच पिक्चर बघून आला.  भाविकानं पाटीवर लिहिलं की आजी, तुझं खरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर चहा पीत होते. तो खुर्ची उचलून माझ्यासमोर आला, बसला, आणि चहा गोड झालाय का, असं विचारलं. हळू, माझ्याकडे तोंड करून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.  मी म्हटलं, मिशी काप, ओठ दिसत नाहीत.

संध्याकाळी कापून आला. वरचा ओठ त्याच्या वडिलांसारखा आहे, हे मी विसरूनच गेले होते.

लोभ आहेच. आता माझे पण शेवट वाचत जा.
अक्का


नशिराबाद
२ जून २०२४

ती. अक्कास,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

किती मोठ्यानं बोललीस ते लिहिते. "बेबी, याला ऐकू येत नाही." असं तू म्हणालीस, आणि ते पार मागच्या दारावरच्या बॅटरीवाल्यानं ऐकलं. पुढची तोंडं वळली. एक गडी गप्प बसा म्हणायला लागला, तर मी त्याला म्हटलं की तुला ऐकू येतं ना, मग ऐक, बाई खरं बोलतेय.  वळलेले बठ्ठे नंतर पडद्याकडे जरा नीट बघायला लागले. मध्यांतरात त्यातली एक पोरगी माझ्याकडे आली. तिच्या आज्याचं पण तसंच आहे म्हणाली, आणि तुझ्याकडे बघत राहिली. तू तेव्हा वडा खात होतीस.

हात झटकलास त्याचा राग होता, दोन दिवस. आता गेला.

टोपाबद्दल माझं मत आहे तेच आहे, कोंबडी आहे ती कोंबडीच. पिक्चरमधला वकील फुकट घेतलाय, सुनेला एकच भाव येतो, आणि बर्फातलं गाणं कापलं असतं तर माणसं जेवायला वेळेत घरी गेली असती. पण त्यानं घरी बसावं असं मी लिहिलं होतं, ते तेवढं खोड. अजिबात बसू नये. लोकांनी त्याच्याकडे तोंड करून बोलावं.

त्याचा पुढचा दिवाळीत येतोय. कोर्टकचेरीचा आहे म्हणे, म्हणजे बोलणं फार. बघू या तो काय करतो. दिवाळीला मूळ लागत नाही, आणि माझे गुडघे दुखतात, मी न्यायला येणार नाही. अभिमनला सांग, तुला आणायचं काम आता त्याचं. हॉलमध्ये तो माझ्या डाव्या हाताला बसेल, तू उजव्या. कुणी काही बोललं तर आधी तो उठेल, मी नंतर.

या पिक्चरचा शेवट मी कुणालाच बदलून सांगितलेला नाही. ह्यांना सुद्धा जसाच्या तसा सांगितला, तर ते म्हणाले की तू आजारी आहेस का.

लोभ कुठं कमी पडला तर मोठ्यानं सांग, इथपर्यंत ऐकू येतं.
तुझी बेबी